मोडणाऱ्याच्या घरचा डबा

मी चिडका माणूस आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागून कोणी म्हणायला नको की यानं लपवलं. मैदानावर तर विचारूच नका. आमच्या मोहल्ल्याच्या फुटबॉल क्लबात मी बॅक खेळायचो. गोलकडे येणाऱ्याला अडवणं हे माझं काम, आणि अडवल्यावर कोणी "फाऊल, फाऊल" म्हणून बोंबललं की माझं डोकं सणकायचं. "बॉलवर गेलो होतो," हे वाक्य मी आयुष्यात जेवढ्यांदा म्हटलं असेल तेवढ्यांदा देवाचं नावसुद्धा घेतलं नसेल.

गोष्ट सत्तरनंतरच्या वर्षांतली. दिवसभर मी नागपूरजवळच्या वाडीला ट्रान्सपोर्टच्या एका गोडाऊनमध्ये बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहायचो, आणि मॅच असली की मालकाची मिनतवारी करून लवकर सुटायचो. नागपूरच्या लीगमध्ये तेव्हा दोन तऱ्हेच्या टीमा असत. एक आमच्यासारख्या मोहल्ल्याच्या, जिथं बूट ज्याचे त्याचे आणि जर्सी धुवायची पाळी ठरलेली. दुसऱ्या कारखान्यांच्या. त्यांच्याकडे चांगल्या खेळाडूला नोकरी मिळायची. हजेरीपटावर तो मजूर, पण मॅचच्या दिवशी दुपारी त्याला ड्युटीवर धरूनच मैदानात पाठवायचे. लोखंडी कपाटं बनवणारा असाच एक कारखाना होता आणि त्याच्या टीमचा सेंटर फॉरवर्ड आम्हा सगळ्यांची डोकेदुखी होता. हडकुळा, काळासावळा, आणि पायाला चाकं लावल्यासारखा पळणारा. कारखान्यात तो कपाटांना रंग मारायचा. टेम्पररी होता. दिवाळीत परमनंट करतो असं मॅनेजरनं त्याला सांगितलं होतं.

त्या पावसाळ्यात आमची त्यांच्याशी मॅच होती. मैदान ओलं. तो दोघांना चकवून माझ्यासमोर आला आणि मी घसरत गेलो. बॉल कुठं गेला ते मी पाहिलंच नाही, कारण त्याच क्षणी कापसाची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. त्याची नडगी मोडली होती. रेफ्री लांब, चिखलात अडकलेला, त्यानं शिट्टी फाऊलची मारली की खेळ थांबवायची, हे कोणालाच समजलं नाही. चारी बाजूंनी पोरं माझ्या अंगावर धावून आली आणि मी, एवढा माणूस समोर तळमळत असताना, काय म्हटलं असेल? "बॉलवर गेलो होतो."

आता आमच्या लीगची एक रीत सांगतो. ती कोणत्या पुस्तकात नव्हती. ज्याच्या पायाखाली समोरच्याचं हाड मोडलं, त्याच्या घरून मोडलेल्याला रोज जेवणाचा डबा जायचा. तो स्वतःच्या पायानं चालायला लागेपर्यंत. हात मोडला असेल तर हातानं घास घेईपर्यंत. फाऊल होता की नव्हता, चूक कोणाची, याचा त्या डब्याशी काही संबंध नसायचा. मैदानातला राग घरापर्यंत जाऊ नये म्हणून जुन्या खेळाडूंनी कधीतरी हे घालून दिलं असेल. कोणी सांगायला यायचं नाही, पण डबा गेला नाही तर त्या माणसाशी पुढच्या मॅचला कोणी हात मिळवायचं नाही.

माझं लग्न होऊन वर्षच झालं होतं. मी घरी येऊन बायकोला डब्याचं सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. तिनं बेलनं खाली ठेवलं.

"म्हंजे तंगड्या तुम्ही मोडाच्या अन् डबे मी भराचे? काहून?"

"रीत आहे."

"अन् फाऊल होता का?"

"बॉलवर गेलो होतो."

"मंग डबा काहून?"

मी तिला पुन्हा पहिल्यापासून समजावलं. ती म्हणाली, "तुमचा खेळ माह्या डोक्यावरून जाते," आणि उद्यासाठी वांगी आहेत का ते पाहायला उठली. पुढचे तीन महिने तिनं एक दिवस डबा चुकवला नाही. एवढंच काय, हाड जुळायला बोकडाच्या पायाचं सूप चांगलं, असं कोणीतरी सांगितलं तर आमच्या माळकऱ्याच्या घरात तिनं अंगणात वेगळी चूल मांडून ते रटारटा शिजवलं. माझे वडील आठवडाभर पुढच्या दारानं येईनात, मागच्या दारानं यायचे.

सेंटर फॉरवर्डच्या घरी तो आणि त्याची माय, दोघंच. पहिल्या दिवशी तिनं माझ्याकडे न पाहता डबा घेतला. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाचा डबा घासूनपुसून परत दिला, आणि घरी उघडून पाहतो तर आत दोन लिंबं. भरलेलं भांडं रिकामं परत करायचं नसतं, मग ते शत्रूचं का असेना. मला त्या लिंबांची फार लाज वाटली. चौथ्या दिवशी तिनं विचारलं, "तू जेवला का गा?" तिथून आमची ओळख सुरू झाली.

तो प्लास्टर घातलेला पाय उशीवर ठेवून पडलेला असायचा. एवढ्या मॅचांमध्ये आम्ही एकमेकांना शिव्यांपलीकडे काही बोललो नव्हतो. आता रोज अर्धा तास बोलू लागलो, आणि मला कळलं की हा माणूस मोठा गमत्या आहे. माझ्या बायकोच्या भाजीला तो मार्क द्यायचा. "आजच्या पाटवडीले दहापैकी नऊ. एक मार्क तुझा काटला, रस्सा सांडवत आनला म्हनून." मी त्याला कितीदा तरी सांगितलं की मी बॉलवरच गेलो होतो. तो ऐकायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "बरं, उद्या वांगं आण."

दिवाळीच्या आधी प्लास्टर निघालं. पाय असा बारीक झाला होता की पाहवेना. त्याच आठवड्यात कारखान्याचं पत्र आलं. शारीरिकदृष्ट्या अयोग्य असल्यानं सेवा समाप्त. मी डबा घेऊन गेलो तर माय दारात पत्र हातात धरून बसली होती. तिला वाचता येत नव्हतं, पण पोराच्या चेहऱ्यावरून तिनं ते वाचलं होतं. "खेळाले नेलं तेवा ड्युटी होती," ती म्हणाली, "मोडला तं ड्युटी सरली का गा?"  त्या दिवशी मी घरी येऊन पहिल्यांदा जेवलो नाही.

तिचं ते वाक्यच पुढं कामगार न्यायालयात गेलं. युनियनचा एक वकील मिळाला. कारखान्याचं म्हणणं दोन कलमी होतं. एक, फुटबॉल ही करमणूक आहे, काम नव्हे, त्यामुळे मैदानात काय झालं याला कारखाना जबाबदार नाही. दोन, हा अपघातच नव्हे, एका बाहेरच्या माणसानं दुष्टपणानं केलेला वार आहे, तेव्हा काय विचारायचं ते त्याला विचारा. तो बाहेरचा दुष्ट म्हणजे मी.

म्हणून युनियनच्या वकिलानं मला साक्षीला बोलावलं. साक्षीच्या दिवशी मी लग्नातला शर्ट घातला होता. बायकोनं निघताना बजावलं, "तिथं चिडू नका." सेंटर फॉरवर्ड बाकावर बसला होता, शेजारी माय. तो तेव्हा एका सायकलच्या दुकानात वाकड्या चाकांचं आउट काढत बसायचा. लंगडत चालायचा.

"फाऊल होता?" आमच्या वकिलानं विचारलं.

"नाही. बॉलवर गेलो होतो."

हे मी छाती पुढं काढून सांगितलं. वर्षभर सगळ्यांना तेच सांगत होतो आणि सांगून सांगून ते मला तोंडपाठ झालं होतं. मग कारखान्याचा वकील उठला. गोरा, शांत, शुद्ध बोलणारा.

"आपण तीन महिने या गृहस्थांना रोज जेवणाचा डबा पोहोचवलात. खरं ना?"

"खरं."

"आपले नातेवाईक आहेत?"

"नाही."

"मित्र होते?"

"नाही."

"मग अपराध केल्याची टोचणी असल्याशिवाय कोणता माणूस परक्याला तीन महिने डबा नेऊन देतो, हे आपण न्यायालयाला सांगाल का?"

बायकोचं सांगणं मी इथपर्यंत पाळलं होतं. पण आमच्या रीतीला हा माणूस टोचणी म्हणतो म्हटल्यावर माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"मंग तुमच्या कारखान्यानं मले काहून डबा पोचवला?" मी म्हणालो. "तीन वर्षाआधी तुमच्या स्टॉपरनं माह्यी हसळी मोडली तेवा? तुमाले कोनती टोचनी होती?"

 न्यायाधीशसाहेबांनी लेखणी खाली ठेवली. "हे काय आहे? नीट सांगा," ते म्हणाले.

मी नीट सांगितलं. कारखान्याच्या स्टॉपरचा, म्हणजे मधल्या बॅकचा, गुडघा लागून माझी हसळी, म्हणजे खांद्याजवळचं ते हाड, मोडली होती. स्टॉपर वाडीला भाड्याच्या खोलीत एकटा राहायचा, त्याला चहासुद्धा धड करता येत नव्हता. तेव्हा रीत मोडू नये म्हणून मॅनेजरसाहेबांनी कारखान्याच्या कँटीनमधून माझा डबा सुरू केला. कँटीनचाच डबा, त्यावर कारखान्याचं नाव ठोकलेलं. खाकी कपड्यातला शिपाई कारखान्याच्या सायकलवर तो घेऊन यायचा आणि रोज माझी सही घ्यायचा.

"सही कशावर?" साहेबांनी विचारलं.

"प्यून बुकावर, साहेब. 'कारखान्याचे कामी' असं लिहिलेलं असे. मी डाव्या हातानं सही करायचो, वेडीवाकडी आहे."

साहेबांनी कारखान्याच्या वकिलाकडे पाहिलं. "म्हणजे स्टॉपरच्या गुडघ्याची जबाबदारी कारखान्यानं आपली मानली होती. आणि सेंटर फॉरवर्डचा पाय करमणूक. पुढच्या तारखेला ते प्यून बुक आणा."

मागच्या बाकावरची आमची क्लबाची पोरं हसली, त्यांना शिपायानं बाहेर काढलं. मायला काय झालं ते उमगलं नव्हतं, पण पोरं हसली म्हणून तीही हसली.

पुढच्या तारखेला प्यून बुक आलंच नाही. त्याऐवजी मॅनेजर स्वतः आला. त्यांच्या वकिलानं सांगितलं की खेळणं हे सेंटर फॉरवर्डचं कामच होतं असं मानायला कारखाना तयार आहे. आम्ही एकमेकांना कोपरानं ढोसलं. पण तो पुढं म्हणाला, "आता खेळणं हे काम ठरलंच आहे, तर त्यांनी काम करून दाखवावं. येत्या सीझनमध्ये एक पूर्ण मॅच, शेवटच्या शिट्टीपर्यंत. खेळले तर परमनंट. नाही तर आमच्याकडे त्यांच्यासाठी काम नाही."

हे कायद्यात कितपत बसतं ते मला आजही सांगता येणार नाही. आमचा वकील नको म्हणत होता. पण सेंटर फॉरवर्ड उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मंजूर." दोन्हीकडच्या सह्या झाल्या. बाहेर आल्यावर मी त्याच्यावर ओरडलो, "अबे, जिंकलेली केस काहून घालवली?" तो म्हणाला, "मले खेळाचंच हाये ना बे." 

मग त्यानं पाय कमावायला घेतला. त्याची बहीण कुहीकडच्या एका खेड्यात दिली होती. आषाढात धानाचे रोवणे, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाले तसा तो तिकडं गेला आणि महिनाभर सकाळ-संध्याकाळ धानाच्या बांधीतल्या गुडघाभर चिखलात चालत राहिला. मी एका रविवारी पाहायला गेलो. रोवणाऱ्या बाया एका ओळीत वाकलेल्या आणि हा बाप्या मध्येच हाफपँटवर चिखल तुडवत चाललेला. एक म्हातारी मला म्हणाली, "तुमचा दोस्त हाये का? त्याले सांगा, चालूनच राहिला तं हातात चार रोपं तरी घे म्हना." दुसऱ्या दिवसापासून तो रोपं घेऊन चालायला लागला. परत आला तेव्हा लंगडणं गेलं होतं आणि पोटरी पुन्हा पोटरीसारखी दिसत होती.

इकडं लीगचे सामने काढले गेले. कारखान्याची पहिली मॅच कोणाशी निघाली असेल? आमच्याशी.

मला आठ दिवस झोप नाही. मी आमच्या कॅप्टनला म्हटलं, मी खेळत नाही. तो म्हणाला, दुसरा बॅक तापानं फणफणलाय, गुमान खेळ. बायको म्हणाली, "यावेळी मोडली तं डबे तुम्हीच रांधा." मी मनाशी ठरवून टाकलं की त्याला मोकळं सोडायचं. शेवटच्या शिट्टीपर्यंत त्याला नुसतं पळू द्यायचं, मग तो गोल मारो नाही तर गाणं म्हणो.

हे त्याला कसं कळलं कोणास ठाऊक. मॅचच्या आदल्या दुपारी तो वाडीला गोडाऊनवर आला. ट्रक लागत होते, हमाल पोती उतरवत होते, त्या गोंगाटात तो माझ्या टेबलासमोर उभा राहिला.

"मले सोडाचं नाही," तो म्हणाला. "तू सोडलं तं शेंबड्या पोराले बी दिसन. मॅनेजर म्हनन, दोघाइनं मिळून नाटक केलं. मायची भाकर हाये गा याच्यावर."

"अन् मोडला तं?"

"तुह्या बायकोच्या हातची पाटवडी खाईन. पन सोडू नको."

मॅचला ही गर्दी. मॅनेजर मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसला, शेजारी तो शुद्ध बोलणारा वकील. माय माझ्या बायकोजवळ बसली होती, दोघींनी पदर तोंडात धरलेला. पहिल्या हाफमध्ये तो दोनदा माझ्या अंगावरून गेला आणि दोन्ही वेळा माझे पाय जागचे हलले नाहीत. आमची पब्लिक मोठी तिखट. "काय गा, जावई हाये का तुझा?" कोणीतरी ओरडलं. मॅनेजर वकिलाच्या कानाशी लागला. हाफटाइमला सेंटर फॉरवर्ड माझ्या शेजारून गेला आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वर्षभरात मी त्याला पहिल्यांदा चिडलेला पाहिला.

दुसऱ्या हाफमध्ये तो पुन्हा आला. तसाच, दोघांना चकवून, त्याच बाजूनं. या वेळी मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. तो दिसला असता तर मी थांबलो असतो. मी फक्त बॉल पाहिला. चिखल लागलेला, एक शिवण उसवलेला तो बॉल, त्याच्यावर डोळे लावून मी घसरलो, बॉल माझ्या पायानं बाहेर उडाला आणि तो माझ्या अंगावरून पलीकडे दाणकन आदळला.

 मी डोळे मिटून आवाजाची वाट पाहत होतो. आवाज आला नाही. डोळे उघडले तर तो उभा राहून चड्डीचा चिखल झटकत होता. त्यानं पाय दोनदा आपटून पाहिला आणि पळत जागेवर गेला. मला मात्र उठता येईना. माझा घोटा त्याच्या खाली सापडून मुरगळला होता आणि बघता बघता त्याचा भोपळा झाला. पोरांनी मला उचलून कडेला आणलं, नेमकं मॅनेजरच्या खुर्चीजवळ. तिथं बसून मी उरलेली मॅच पाहिली. त्यानं गोल वगैरे काही मारला नाही. एक सोपा चान्स तर असा उडवला की बॉल निंबाच्या झाडात अडकला. पण शेवटची शिट्टी झाली तेव्हा तो मैदानात उभा होता. मॅनेजर उठला, टाळी वाजवली आणि वकिलाला म्हणाला, "कागद तयार करा." माय रडली. माझी बायकोही रडली, आणि मग मला म्हणाली की धूळ गेली डोळ्यात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाय उशीवर ठेवून घरी पडलो होतो. दार वाजलं. दारात सेंटर फॉरवर्ड, हातात चार पुडाचा डबा.

"हे काय?" मी म्हटलं.

"रीत," तो म्हणाला. "माह्या खाली मोडला तुहा घोटा."

"मोडला नाही, मुरगळला."

"मायनं विचारलं नाही. तिनं सकाळीच झुणका टाकला."

तो खाटेवर माझ्या पायाशी बसला. माझ्या बायकोनं डबा उघडून वास घेतला आणि दहापैकी आठ म्हणाली. मग तो माझ्याकडे वळला आणि अगदी सहज, भाजीचे मार्क सांगावे तसा बोलला.

"काल तू बॉलवर आला होता."

"मी नेहमी बॉलवरच..."

"नाही गा. काल आला होता. बॉल आधी लागला, मंग मी पडलो. याले म्हनते बॉलवर जानं."

  म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तीन महिने त्यानं माझ्या हातचा डबा खाल्ला, भाजीला मार्क दिले, कोर्टात मी छाती काढून खोटं बोललो तेव्हा बाकावर बसून ऐकलं, आणि एका शब्दानं मला उघडं पाडलं नाही.  बायको डब्याचं झाकण हातात धरून माझ्याकडे पाहत होती.

"पाय आधी लागला होता," मी म्हणालो. "तेव्हा. बॉल मी पाहिलाच नव्हता. फाऊल होता."

"मले मालूम हाये," तो म्हणाला. "मले लागला ना."

बायकोनं दोघांची ताटं वाढली आणि म्हणाली, "सरलं ना एकदाचं? जेवा आता." आम्ही जेवलो. झुणक्यात मीठ जरा जास्त होतं, पण मी त्याला दहापैकी दहा दिले, आणि संध्याकाळी त्याच्यासोबत रिकामा डबा पाठवताना बायकोनं आठवणीनं त्यात दोन लिंबं टाकली.